मापाची सायकल

शर्यतीची सायकल घ्यायची तर हाताशी पैसे जेमतेम, म्हणून नर्सबाईंनी सगळी भिस्त सरावातल्या मैत्रिणीवर ठेवली. दोघींची उंचीही सारखीच. मैत्रिणीने जुन्या सायकलींचं दुकान पालथं घालून निळी सायकल निवडली. "डोळे झाकून घे!" बाईंनी घेतली, आणि महिन्याभरात त्यांची पाठ धरली. "वय झालं तुझं," मैत्रीण हसली. शर्यत झाल्यावर बाई सीट खाली करायला दुकानात गेल्या. मेकॅनिकने त्यांना सायकलवर बसवून पाहिलं. "ही तुम्हाला मोठी होते. तुमच्या मापाची होती की एक, याच किमतीत! तुमच्या मैत्रिणीला दाखवलीही होती." "मग?" "दुसऱ्याच दिवशी त्या स्वतःसाठी घेऊन गेल्या. लाल होती." बाईंना मैत्रिणीने 'भावाने दिली' म्हणत मिरवलेली लाल सायकल आठवली. शर्यत जिंकून ती बक्षीस घ्यायला गेली, तेव्हा सर्वांत जोरात टाळ्या बाईंनीच वाजवल्या होत्या.