करस्पॉन्डन्सवाल्यांचा रविवार

नानांचं बोट जिभेला लागलं, पान उलटलं. पुन्हा जीभ, पुन्हा पान. काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या कमळची नजर त्या बोटावर खिळली होती.

मालाडच्या एका कॉलेजची ही लायब्ररी, आणि नाना तिथले ग्रंथपाल. रोजच्या विद्यार्थ्यांनी पुस्तक परत केलं की ते न बघताच बाजूला सरकवत. रविवारी सकाळी मात्र यायचे ते पोस्टाने शिकणारे, करस्पॉन्डन्सवाले, आणि त्यांचं पुस्तक पानन् पान तपासायचं असा प्रिन्सिपॉलांचा हुकूम होता. बाहेरच्यांना आत घेणंच मुळात त्यांना पसंत नव्हतं. वर्षभर बघू, म्हणाले होते; एक जरी पुस्तक खराब झालं, तर रविवार बंद. पोस्टाने येणाऱ्या त्या पुसट सायक्लोस्टाईल नोट्सवर बी.ए. होता आलं असतं, तर खाडीपलीकडच्या मनोरी गावची सून कमळ होडीत बसून इथवर तडफडत कशाला आली असती?

"काय गं, झालं काय?" मागून नंदाने विचारलं. नंदा नर्स होती, नाहूरहून यायची. कमळच्या आधी हे राज्यशास्त्राचं पुस्तक तिच्याकडेच होतं.

"काय नाय. गप ना."

काय नाही कसं? गेल्या रविवारी होडीतून उतरताना हातातली पिशवी सुटली आणि पुस्तक तळातल्या पाण्यात पडलं. कमळ घरी येऊन रडत बसली. सासूला, पुतळाबाईला, अक्षरओळख नव्हती. पण ओली वस्तू सडू कशी द्यायची नाही, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. कमळ पाणी भरायला गेली तेवढ्यात तिने पुस्तक उघडून पानापानांत खडेमीठ भरलं आणि बोंबलांच्या शेजारी उन्हात वाळत टाकलं. "रडतेस कशाला गो? मीठ लावलंय. आता कुजाचं नाय." सुनेच्या शिक्षणासाठी घरात सगळ्यांशी भांडली होती ती हीच एकटी बाई. तिच्यावर ओरडायचं तरी कुठल्या तोंडाने? कमळने जुन्या ब्रशने मीठ झाडलं आणि पुस्तक पाट्याखाली दाबून ठेवलं. वरून बघणाऱ्याला ते धडधाकट दिसत होतं.

पहिली पानं कोरडीच होती. भिजलेली पानं संघराज्याच्या प्रकरणापासून सुरू व्हायची, आणि नाना सावकाश, एकेक पान करत तिकडेच निघाले होते. कोणी त्यांना हाक मारू दे, फोन वाजू दे, काहीही होऊ दे, असं कमळ मनातल्या मनात एकवीरेला विनवत राहिली. फोन काही वाजला नाही.

बोट जिभेला लागलं. पान उलटलं. बोट पुन्हा जिभेकडे गेलं आणि नाना थांबले.

त्यांनी तोंड वाकडं केलं. बोट चष्म्यासमोर धरून पाहिलं. मग पुस्तक उभं धरून काउंटरवर आपटलं. शिवणीत अडकलेले पांढरे खडे टपटप खाली पडले.

रांगेतली कुजबुज थांबली.

"हे काय आहे?"

"सर..."

"तुमच्याकडे यायच्या आधीपासूनच असं होतं का? माझ्या नजरेतून सुटलं असेल."

एक 'हो' म्हटलं की सुटका होती, आणि आळ नंदावर. शब्द ओठावर आलाही. नंदाचा श्वास तिच्या मानेला लागत होता. खरं बोलायची भीती तर वाटतच होती. पण आता आपल्या तोंडून काय बाहेर पडेल, याची भीती कमळला त्याहून जास्त वाटली.

"नाय," ती म्हणाली. "मीठ हाय, सर. पुस्तक माझ्या हातून पाण्यात पडलं. सासूने खारवलं, कुजू नये म्हणून."

कोणी हसलं नाही. हसणार कसं? रविवार सगळ्यांचाच जाणार होता. "वाट लागली," रांगेच्या टोकाला कोणीतरी पुटपुटलं.

नाना पेल्यातलं पाणी घटाघटा प्याले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगात त्यांनी ते पुस्तक ठेवलं नाही. टेबलाखालून स्वतःची पिशवी काढली आणि जेवणाच्या डब्याशेजारी ते आत सरकवलं.

"परीक्षा कधी आहे?"

"एप्रिलात."

"निकालानंतर, जूनअखेर इथे पुस्तकांची मोजणी असते. तोवर हे माझ्या घरी राहील." ते तिच्याकडे न बघता हळू बोलत होते. "मोजणीला प्रिन्सिपॉल स्वतः उभे असतात. त्यांच्यापासून मी काही लपवणार नाही. तुम्ही पास झालात, तर त्यांच्यापुढे दोन्ही ठेवीन. हे पुस्तक आणि तुमचा निकाल. मग रविवार बंद करायचा की नाही, ते त्यांनी ठरवायचं."

"आणि नाय झाले तर?"

नानांचं बोट सवयीने ओठांकडे निघालं, मध्येच थबकलं. त्यांनी ते सदऱ्याला पुसलं.

"तर माझ्या हातात नुसतं पुस्तक राहील."