पिल्लाची कोलांटी

चाचणी विभागातल्या बाईंनी देवाचं नाव घेतलं आणि पुढच्या टोकातला शिशाचा ठोकळा दोन बोटं मागे सरकवून स्क्रू आवळले. एवढ्यानेच तोल बिघडणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अवकाशयानाची ती कढईएवढी प्रतिकृती. सगळे लाडाने तिला पिल्लू म्हणत. बलूनमधून सोडल्यावर पिल्लू सरळ खाली आलं, की मोठं यान एकदा रिकामंच वर जाऊन परतणार होतं आणि त्यानंतरच्या खेपेला आत बाईंची लेक बसणार होती. पोटची पोर पेटत्या हवेतून खाली येणार, या विचाराने त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

“बाई, पिल्लू आज तुमचं नाव काढणार बघा!” बलून सोडणारा म्हणाला.

“काढेल हो,” बाई कशाबशा हसल्या.

पिल्लू कोलांट्या खात आलं आणि उताणं आदळलं. सगळ्यांचे चेहरे पडले. बाईंनी मात्र टेबलाखाली हात जोडले. लबाडीचं पाप माझ्या माथी असू दे देवा, पण आता हे काम लांबणीवर पडेल आणि लेक घरी राहील.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता.



“आई, साहेबांनी तारीख मुळीच बदलली नाही गं! यान आपलं आपण सावरत नाही म्हटल्यावर आत सावरणारं माणूस हवंच ना, म्हणून पहिल्याच खेपेला मी जातेय!”