बुडवलेला घास
घराच्या खटल्यात खोटी साक्ष देऊन भावजयीला तोंडघशी पाडणारा धाकटा दीर “वहिनी, भूक लागलीय” म्हणत सरळ टेबलाशी येऊन बसला. निर्लज्जपणालाही काही हद्द असते! वहिनीबाईंनी पाव मोडून सगळ्यांना आपल्या हातानं दिला, त्याला तेवढं वगळलं. बायबलच्या काळातल्या चालीरीती शिकून आलेला, चर्चमध्ये पाळक असलेला त्यांचा मुलगा म्हणाला, “आई, शेवटच्या भोजनात प्रभू येशूनं त्याला धरून देणाऱ्या यहूदालाही घास बुडवून दिला. त्या लोकांत यजमानानं असा घास देणं म्हणजे पाहुण्याचा मान.” वहिनीबाई चक्रावल्या. जन्मभर त्यांनी त्या घासाला दगाबाजाची खूण मानलं होतं. “दगा देणार हे ठाऊक असून मान?” “ठाऊक असूनच.” हातातला तुकडा टाकवेना, देववेना. अखेर तो कालवणात बुडवून त्यांनी दिरापुढे धरला. “घे मेल्या. मान की शिक्षा, मलाच कळेना. पण यहूदा घास खाऊन पळाला. तू भांडी घासायला थांब!”