एकवीस दिवस

हातमोजे चढवून डॉक्टरने टेबलावरच्या पिल्लाचं पोट चिरलं आणि मालकाला जवळ बोलावलं. एवढ्याशा माशाचं लिव्हर सुजून पांढरंफटक पडलं होतं. आठवडाभर हौदातली पिल्लं पटापट मरत होती, म्हणून हा माशांचा डॉक्टर आला होता, आणि मालकाचा जीव टांगणीला लागला होता.

खाद्य कालवणारी बाई बादली घेऊन दारात आली. बोलावलंत का, असं तिने विचारलं.

"दादा, बादली खाली ठेवा," डॉक्टर मान वर न करता म्हणाला.

मालक खो खो हसला. या पुरुषी आवाजापायी तिला चारचौघांत तोंड उघडायची चोरी झाली होती. कालच तिच्या पोटच्या मुलीने फोनवर "आईला द्या ना" म्हटलं होतं. हनुवटीवरचे केस ती रोज दार लावून काढायची.

डॉक्टरने मालकाला फैलावर घेतलं. सगळी पिल्लं नर व्हावीत, भराभर वाढावीत म्हणून खाद्यात नराचं हार्मोन मिसळायचं, तेही फक्त एकवीस दिवस. या हावरटाने चाळीस दिवस चारलं होतं.

"एकवीसच्या वर एक दिवस नाही. इवलासा जीव तो, लिव्हरची पार वाट लागते."

मालकाने कान पकडले. पिल्लांची एवढी काळजी त्याने आजवर कधी केली नव्हती.

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि हाताने कालवणाऱ्याला किती दिवस, डॉक्टर?"

डॉक्टरने आता कुठे वर पाहिलं. आधी तिचा चेहरा, मग कोपरापर्यंत खाद्याने माखलेले हात. "कधीपासून करताय हे, ताई?"

"सहा वर्षं झाली."

मालक मध्ये पडला. आधी माशांचं होऊ दे, तुझं मग बघू, म्हणाला. आणि त्या औषधाने माणसाला काही होत नसतं, उगाच बाऊ करायचा नाही.

तिने बादली उचलून त्याच्यासमोर आदळली. "मग आजचं तुम्ही कालवा."

त्यात काय मोठं, म्हणत मालकाने बाह्या सरसावल्या. ओल्या खाद्याच्या बोटभर वर त्याचा हात थांबला. मग तो डॉक्टरकडे वळून हळूच म्हणाला, "हातमोज्यांचा एखादा जादा जोड आहे का हो तुमच्याकडे?"