आठवा गडी

खुर्सीपारच्या मागं, कारखान्याच्या खोदकामाची माती टाकतात त्या मैदानात रविवारी पोरींचा हुतुतू मीच खेळवते. मी दुसरी शिकलेली, पण माझा निकाल फोरमनच्या बायकोलाही मानावा लागतो.

हुतुतूत समोरची एक बाद झाली, की आपली बाहेर बसलेली एक आत येते. गेल्या साली माझी लेक जया बाद होऊन मोहाच्या झाडाखाली बसली. तिला आत घ्यायच्या आधीच खेळ संपला. तिथंच तिला थंडी वाजून ताप भरला, अन् चौथ्या दिवशी ती गेली. तिचा परकर मी अजून धुऊन वाळत घालते.

काल जयाच्या संघानं समोरची एक बाद केली. त्यांच्या सातही पोरी आतच होत्या. तरी त्या सरकल्या अन् मधात जागा केली.

"काकू, ह्या आठ झाल्या," समोरची कांता बोलली. "एकीले काढा."

"डोळे फुटले का तुझे?"

"मोजा नं मग."

मी मोजलं. पोरी सात होत्या, मातीवर सावल्या आठ.

कांतानं हळूच विचारलं, "जयाले काढू?"

"तिले हात लावशील तं याद राख."

मी त्याच संघातल्या, शेजारच्या सत्यभामेच्या पोरीकडे बोट दाखवलं. ती मुकाट्यानं मोहाखाली जाऊन बसली, अन् भर उन्हात तिचे दात वाजू लागले.