चौथा पर्याय

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती आणि खुर्च्या लहान मुलांच्या. गल्लीतली मोठमोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. त्यांतच ताईशेजारी तिचा धाकटा भाऊ. गल्ली त्यांना प्रोफेसर म्हणायची. जन्मभर त्यांनी शहरांना सल्ले दिले आणि उरलेल्या वेळात सल्ले कसे द्यायचे ते शिकवलं. सुनावणीत लोकांच्या बाजूला मात्र ते आज पहिल्यांदाच बसले होते.

पडद्यावर गल्लीचा नकाशा होता. तो समजावून सांगणारी पालिकेची सल्लागार प्रोफेसरांचीच विद्यार्थिनी, वर्गात पहिली आलेली. तिने तीन पर्याय मांडले. पहिल्यात गल्ली पाडून रुंद रस्ता, ज्याने त्याने आपली सोय बघायची. तिसऱ्यात काहीच करायचं नाही, गटारं तुंबतात तशी तुंबू द्यायची. मधल्यात गल्ली पाडायचीच, पण प्रत्येकाला शहराबाहेर नव्या इमारतीत घर. दगडापेक्षा वीट मऊ, असं मागे कुणीतरी पुटपुटलं. प्रोफेसरांनी डाव ओळखला. पहिला पर्याय घाबरवायला, तिसरा नकोसा वाटायला आणि मधला आधीच ठरलेला. वर्षानुवर्षं त्यांनी वर्गात हेच शिकवलं होतं.

ताईचं शिलाईचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. गिऱ्हाईक सगळं गल्लीतलं. पँट आखूड करून घ्यायला शहराबाहेर, तेही सातव्या मजल्यावर, कोण जाणार? दुकान गेलं तर या वयात हात पसरायची वेळ यायची. तिने भावाला कोपराने ढोसलं.

"ऊठ ना. तूच शिकवलंयस तिला. तुझं ऐकेल ती."

ते उठले. गल्ली न पाडता आधी एका बाजूची आणि मग दुसऱ्या बाजूची गटारं बदलता येतात, कुणाला घर सोडावं लागत नाही, हे त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. कुणाचंही मानधन न घेता, मनापासून पटलेलं असं भर सभेत ते कधी बोललेच नव्हते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

विद्यार्थिनीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ही फार मोलाची सूचना आहे, म्हणाली. मग फळ्याकडे जाऊन तिने ठळक अक्षरांत 'पर्याय चौथा' लिहिलं आणि खाली त्यांचं बोलणं शब्दाला शब्द उतरवलं.

"असंच म्हणायचं होतं ना, सर?"

तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. आदरच होता, आणि तोच त्यांना जास्त लागला. पोरगी काही म्हणजे काही विसरली नव्हती. सभेतून चौथा पर्याय आला तर वाद घालू नका. आभार माना, फळ्यावर लिहा, त्या माणसाच्याच शब्दांत लिहा आणि बरोबर आहे का विचारा. लिहिलेलं दिसलं की राग उतरतो. पुढे त्याचं काय करायचं, हे वर्गात कधी कुणी विचारलं नव्हतं.

"असंच," म्हणून ते खाली बसले.

सभा संपली तेव्हा लोक खुशीत होते. शेजाऱ्यांनी त्यांचे हात हातात घेतले. ताईची मान तर ताठच झाली होती. पायऱ्या उतरताना प्रोफेसरांनी धीर करून तिला सांगून पाहिलं, की फळ्यावर लिहिलं म्हणजे झालंच असं नसतं.

"काहीतरीच तुझं. एवढ्या लोकांसमोर लिहिलंय," ताई म्हणाली. सुनावणीची नोटीस आल्यापासून दुकानाचा रंग राहून गेला होता, आता तो देऊन घ्यायचं तिने मनाशी पक्कं केलं होतं. "कुठला देऊ रे?"

ते थांबले. ती वाट बघत होती.

"फिकट पिवळा दे," ते म्हणाले. "खोलीत उजेड वाटतो."