गोड शब्दांची मात्रा

“आधी स्मित, मग विचारपूस, मग धीर,” शर्मिष्ठाबाई सुयोगच्या मागून कुजबुजल्या. मुलुंडच्या त्या रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना संवादकौशल्य शिकवण्यासाठी त्यांची नेमणूक झाली होती. विभागातले दुसरे रेडिएशन यंत्र दुरुस्तीअभावी बंद होते. प्रशासनाला तातडीची वाटली ती सौजन्याची टंचाई.

यंत्राखाली धाकू पालव आडवे झाले होते. यंत्र चालवणारा सुयोग हा त्यांचाच मुलगा. काल तो नेहमीसारखा खेकसला होता, “हलू नको रे म्हाताऱ्या, बांधून घालीन!” आणि धाकू खुशीत म्हणाले होते, “बांध मेल्या, बापाशीक बांध!” शर्मिष्ठाबाईंनी ते दाराशी ऐकले, त्या शहारल्या, आणि आज त्यांनी सुयोगची परीक्षा ठेवली. नापासाला या विभागात जागा नव्हती.

गाठ या यंत्राच्या शेकाने विरघळेल आणि शिमग्याला तुम्ही गावी पालखी नाचवाल, असे धाकूंना घरच्यांनी सांगितले होते. तिकीटही काढून ठेवले होते. वास्तविक कॅन्सर हाताबाहेर गेला होता आणि हा शेक फक्त वेदना कमी करण्यापुरता होता. रिपोर्ट दडवले, डॉक्टरांना गप्प बसवले, सुयोगच्या आईने सगळ्यांना रवळनाथाची शपथ घातली. धाकूंचा विश्वास मात्र यांपैकी कशावरच नव्हता. तो होता सुयोगच्या शिव्यांवर. पालवांच्या घरात मायेला दुसरी भाषाच नव्हती. स्वतःच्या आईशी धाकू जन्मात एकदाच गोड बोलले होते, तिच्या मुखात तुळशीपत्र ठेवण्याच्या आदल्या दिवशी.

सुयोगने स्मित केले. वडिलांचा हात हातात घेतला.

“बाबा, कसं वाटतंय आपल्याला? मी आपली अवस्था समजू शकतो. आम्ही सगळे आपल्या सोबत आहोत.”

शेवटच्या शब्दावर त्याचा आवाज कापला. ते काही शिकवलेले नव्हते.

“अप्रतिम!” शर्मिष्ठाबाई पुटपुटल्या. सुयोग उत्तीर्ण झाला होता.

धाकूंनी मुलाकडे पाहिले. शिवी त्यांच्या ओठांपर्यंत आली असावी; ती तिथेच विझली. मग त्यांनी, सुयोगच्या आठवणीत पहिल्यांदाच, त्याच्या हातावरून हळुवार हात फिरवला.

“सुयोगा, माझ्या सोन्या,” ते म्हणाले, “शिमग्याचा तिकीट रद्द कर.”